पांढरी 2 की काळी 4? मिस्सेच्या गायनासाठी स्केल चेंजर पेटी

चर्चमध्ये मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीत, गाणं कोणत्या पट्टीत लागतं हे बहुतेक ठिकाणी पेटीवाल्याची बोटं ठरवतात. (पेटीवर पांढरी 1 म्हणजे सी, आणि सप्तकातल्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या तिथून क्रमाने मोजतात. गाण्याचा षड्ज जिथे बसतो ती त्याची पट्टी.) त्याचा हात काळी 1 वर बसलेला असला की प्रवेशगीत काळी 1, अर्पणाचं गाणं काळी 1 आणि कम्युनियनचंही (ख्रिस्तप्रसादाचं) काळी 1. मग ध्रुवपदाला भरभरून गाणारं चर्च अंतऱ्याला गप्प होतं आणि माइकपुढचे चारपाच गळेच उरतात. फादर मागाहून म्हणतात, लोक गात नाहीत. लोक गायला तयार असतात, सूर त्यांच्या गळ्याबाहेर गेलेला असतो. धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्तसमाजाच्या) गायकवृंदाने स्केल चेंजर पेटी घ्यावी ती या एका कारणासाठी. बाकी जी कारणं दुकानात ऐकवली जातात (पॉलिश, हवेची वाट उघडणाऱ्या खटक्यांची संख्या, मोत्यासारखी बटणं) ती बाजूला ठेवली तरी चालतील.

पेटी मिस्सेत चालते का, हा प्रश्न अजूनही कुणी कुणी विचारतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजात, कलम 120 मध्ये, पाइप ऑर्गनला मान दिला आहे आणि पवित्र उपासनेला शोभतील अशा इतर वाद्यांना स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी केली आहे. शिवाय पेटीचं कूळ चर्चला परकं नाहीच. अलेक्झांडर देबँ या कारागिराने 1842 मध्ये पॅरिसला हार्मोनियमचं पेटंट घेतलं, आणि ज्या चर्चला पाइप ऑर्गन परवडत नव्हता तिथे ही पायाने भाता मारायची पेटी पोचली. हाताने भाता मारायची बैठी पेटी घडली ती कोलकात्यात, द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्यात.

चेंजरची रचना सोपी आहे. साध्या पेटीत पट्टी आणि तिचा सूर यांची जोडी कायमची. चेंजरमध्ये पट्ट्यांचा सगळा संच एका चौकटीवर बसवलेला असतो आणि बाजूच्या दांडीने तो सूरफळीवर (सुरांची पाती बसवलेल्या फळीवर) डावीउजवीकडे सरकतो. एक घर सरकवलं की सगळं गाणं अर्ध्या सुराने चढतं किंवा उतरतं, बोटं मात्र होती तिथेच राहतात. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: खिशात आणि खांद्यावर. चांगली साधी दोन सुरांची पेटी ज्या भावात मिळते त्याच्या दुप्पट ते तिप्पट चेंजरला पडतात, आणि वजन 12 ते 16 किलोच्या घरात जातं. कोनशिलेचा विधी, वाडीतल्या क्रुसाची प्रार्थना, घरोघरची रोझरी अशा फिरतीच्या कामाला ही पेटी नेऊ नये. तिथे साधी हलकी पेटीच बरी. प्रत्येक हिसक्याला चेंजरची चौकट थोडी थोडी ढिली होत जाते.

आता पट्टीचा हिशेब. मिस्सेत पुरुष, बायका आणि मुलं एकाच चालीत गातात, पुरुष एक सप्तक खाली. अशा मिश्र समुदायाला सर्वांत वरचा सूर पांढरी 2 च्या आसपास सोसतो. पांढरी 3 पर्यंत ताणता येतो, तोही एखाद्या ओळीपुरता. खाली पांढरी 6 नंतर बायकांचा आवाज हवेत विरतो. म्हणजे गाणं बसवताना आधी षड्ज धरायचा नाही. आधी गाण्याचा सर्वांत उंच सूर शोधायचा, तो पांढरी 2 वर ठेवायचा आणि मग षड्ज कुठे येतो ते पाहायचं. चाल सा ते तार सा एवढीच असेल तर षड्ज पांढरी 2. मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंतच फिरणारी असेल (जुन्या ओवीवळणाच्या कितीतरी चाली अशा आहेत) तर षड्ज थेट पांढरी 5 वर जातो. अंतरा तार गंधाराला भिडत असेल तर षड्ज पांढरी 1 वर उतरवावा लागतो, आणि तरीही तो गंधार पांढरी 3 वर पडतो. एकाच मिस्सेत ही तिन्ही प्रकारची गाणी येतात. साध्या पेटीवर हे करायचं तर वादकाला बाराही पट्ट्यांत हात हवा. असे वादक आहेत, पण रविवारी सकाळी 7 च्या मिस्सेला ते प्रत्येक धर्मग्रामात मिळत नाहीत.

सकाळच्या पहिल्या मिस्सेला हाच हिशेब एक-दोन घरं खाली आणावा, कारण झोपेतून उठलेला गळा चढत नाही. सणाच्या संध्याकाळच्या मिस्सेला एक घर वर चढवलं तर गाणं उजळतं. या एका सोयीसाठी चेंजरला आमचे गुण पूर्ण.

एकल गायिकेची सवय हा वेगळा गुंता आहे. काळी 4 किंवा काळी 5 मध्ये शिकलेली ताई ध्रुवपद स्वतःच्या पट्टीत बसवते. तिला ते सुरेख लागतं, पण लोकांच्या दृष्टीने तार सप्तकातली ओळ हाताबाहेर जाते किंवा मंद्रातली ओळ पुरुषांच्या तळाशी घसरते. गौरवगीत, पवित्र-पवित्र, आलेलुया हे भाग समुदायाचे. ते समुदायाच्याच पट्टीत लागले पाहिजेत. कम्युनियननंतरचं चिंतनगीत एकल असेल तर खुशाल तिच्या पट्टीत घ्या. दोन्हींच्या मध्ये दांडी फिरवायला पुरेसा वेळ असतो.

9 स्केल घ्यावी की 13? दुकानदार 13 कडे ढकलतो. आमचं मत 9 च्या बाजूने. 9 स्केलच्या पेटीत मधल्या घरापासून सहसा दोन्हीकडे चार-चार घरं मिळतात. वादकाला पांढरी 1 आणि पांढरी 4 अशा फक्त दोन पट्ट्यांत बोटं बसवायची सवय असली की पांढरी 1 च्या बोटांनी काळी 4 पासून पांढरी 3 पर्यंतच्या नऊ पट्ट्या आणि पांढरी 4 च्या बोटांनी उरलेल्या तीन, म्हणजे बाराच्या बारा मिळतात. 13 स्केलच्या पेटीत चौकट लांब, घर्षण जास्त, आणि शेवटच्या घरांत काही पेट्यांच्या टोकाच्या पट्ट्या मुक्या पडतात. मांडणी विचारूनच घ्या, कारण काही कारागीर मधलं घर एका बाजूला सरकवून बसवतात.

सुरांच्या ओळी किती, यावर मात्र कंजुषी नको. खर्ज आणि नर या दोन ओळी छोट्या चॅपेलला पुरतात. तीनचारशे माणसं मावणाऱ्या चर्चला खर्ज-नर-मादी अशी तीन ओळींची पेटी घ्यावी. मादीची ओळ वरच्या सप्तकात चमक आणते, आणि प्रवेशगीताला लोकांच्या आवाजावर तीच ऐकू येते. पण तिन्ही ओळी सदासर्वकाळ उघड्या ठेवायची खोड वाईट. प्रतिसाद स्तोत्राला एकटी नरओळ ठेवा. उंच छताच्या चर्चमध्ये आवाज घुमत राहतो. त्यात खर्ज उघडा असला की स्तोत्राचे शब्द चिखलात रुततात आणि मागच्या बाकांना नुसता घों-घों ऐकू येतो. जलद चालीलाही खर्ज बंदच बरा. संथ गाण्याच्या शेवटच्या कडव्याला उघडावा.

खटक्यांमध्ये एक फसगत आहे, ती विकणारे सहसा सांगत नाहीत. सतत वाजत राहणाऱ्या सुराचे (आसाचे) जे खटके असतात ते पट्ट्यांतून जात नाहीत, सरळ सूरफळीवरचा सूर उघडतात. त्यामुळे चेंजर फिरवला की पट्ट्या सरकतात पण तो सूर जागचा हलत नाही. पांढरी 1 चा आस चालू ठेवून पट्टी दोन घरं चढवलीत तर आस गाण्याशी भांडतो. चेंजर पेटीत हे खटके बंदच ठेवा आणि आस हवा असेल तर मोबाइलवरचा तानपुरा स्पीकरला जोडा. कॉपलरचंही तसंच. एक पट्टी दाबली की सप्तकावरची दुसरीही वाजते, आवाज दणदणीत होतो, पण हवा दुप्पट लागते आणि पट्ट्या जड होतात. चेंजरच्या सांध्यांवर कॉपलरचा भार आला की काही पेट्यांत दोनतीन वर्षांत पट्ट्या वरखाली दिसू लागतात. कॉपलर नसलेली चेंजर मिळाली तर ती घ्यावी.

उपासनेच्या वर्षात या पेटीचं काम एकसारखं नसतं. आगमनकाळात (नाताळाआधीच्या आठवड्यांत) वाद्य संयमाने वाजवायचं, प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) फक्त गाण्याला आधार म्हणून. त्या काळात प्रस्तावनेचे आलाप, अर्पणाच्या वेळी नुसती वाजवलेली धून, हे सगळं थांबतं. चौथा रविवार, महोत्सव आणि सण एवढेच अपवाद. गौरवगीत आगमन आणि प्रायश्चित्त या दोन्ही काळांतल्या रविवारी नसतं, आलेलुया फक्त प्रायश्चित्तकाळात थांबतं. पवित्र गुरुवारी गौरवगीताला घंटा वाजतात, आणि तिथून ईस्टरच्या जागरणातल्या गौरवगीतापर्यंत वाद्य पुन्हा आधारापुरतंच. या दिवसांत वादकाने षड्ज द्यावा आणि नरओळीवर हलकेच चाल धरावी. भपका करणाऱ्या की-बोर्डपेक्षा इथे पेटी शंभर पट सुसह्य. एका खटक्यावर ढोल, टाळ आणि व्हायोलिनचा ताफा सुरू होण्याची भीती तिच्यात नाही.

आणि मग येते ती जागरणाची रात्र. चेंजर पेटीची खरी परीक्षा इथेच होते. जुन्या करारातली वाचनं (पूर्ण विधीत सात) आणि प्रत्येकानंतर स्तोत्र, मग घंटानादात गौरवगीत, मग रोमकरांस पत्रातला उतारा. त्यानंतर सगळे उभे राहतात आणि धर्मगुरू आलेलुया गातात. तेही एकदा गाऊन संपत नाही. विधीचा नियमच असा की आलेलुया तीनदा गायचा, दर वेळी सूर एकेक पायरी चढवून, आणि दर वेळी लोकांनी तो परत गायचा. चाळीसहून अधिक दिवस न उच्चारलेला शब्द असा टप्प्याटप्प्याने वर चढतो. साध्या पेटीवर इथे वादक अडखळतो, कारण एकच चाल लागोपाठ तीन पट्ट्यांत वाजवायची असते. चेंजरवर पायरी म्हणजे दोन घरं.

तयारी अशी करावी. तिसरा, सर्वांत उंच आलेलुया आधी ठरवा. त्याचा वरचा सूर पांढरी 2 किंवा फार तर काळी 2 वर पडू द्या, कारण पुढे 118 वं स्तोत्र याच पट्टीत गायचं असतं आणि त्याच्या प्रत्येक कडव्याला लोकांचं उत्तर आलेलुयाच असतं. त्या घरापासून चार घरं खाली पहिला आलेलुया सुरू होतो. दांडीशेजारी पेन्सिलने तीन खुणा करून ठेवा, म्हणजे मोजत बसायला नको. धर्मगुरूंचा गळा बसलेला असेल तर स्तोत्र गाणाऱ्याने आलेलुया उचलावा, विधीत तशी मुभा आहे. लोकांचा शेवटचा आलेलुया चालू असताना दांडी फिरवू नये. सगळे सूर सोडायचे, बोटं उचलायची, भात्यावरचा हात सैल करायचा, दांडी फिरवायची, ती घरात बसल्याचा खटका बोटाला कळला की नवा षड्ज द्यायचा. दोन सेकंदांचं काम आहे. घाईत दांडी दोन घरांच्या मध्ये अडकली तर एका पट्टीला शेजारचे दोन्ही सूर वाजतात, आणि वर्षातल्या सर्वांत मोठ्या आनंदाच्या क्षणी चर्चभर किंचाळी उठते. पट्टी दाबलेली असताना दांडी ओढणं तर त्याहून वाईट, कारण पट्टीखालच्या झाकणाला इजा होते आणि तो सूर मग फुसफुसत राहतो.

तबल्याचं काय, हा प्रश्न चेंजर घेतल्यावर लगेच उभा राहतो. तबला एकाच सुरात लावलेला असतो, पेटी मात्र दर गाण्याला सरकते. उपाय आहे. काळी 1 ला लावलेला दायाँ (उजव्या हाताचा तबला) काळी 1 च्या गाण्याला षड्ज देतो, काळी 3 च्या गाण्याला पंचम आणि काळी 4 च्या गाण्याला मध्यम. म्हणून मिस्सेची गाणी निवडतानाच षड्जांची जुळणी बघावी, किंवा दुसरा दायाँ पांढरी 2 ला लावून जवळ ठेवावा. (तो पांढरी 5 ला पंचम आणि पांढरी 6 ला मध्यम देतो.) ढोलक असेल तर ही डोकेदुखी निम्म्याने कमी. आलेलुयाच्या तीन पायऱ्यांना ताल हवाच कशाला? तबला 118 व्या स्तोत्राला सुरू करावा. गिटारवाल्याला बोटांची पट्टी सांगू नका, ऐकू येणारी सांगा. तुमची बोटं पांढरी 1 वर आणि पेटी दोन घरं चढलेली असेल तर त्याच्यासाठी ते डी आहे.

या पेटीची एक मर्यादा कबूल करायला हवी. डावा हात भात्यावर गुंतल्यामुळे चार आवाजांची जुनी इंग्रजी किंवा लॅटिन गाणी तिच्यावर धड वाजत नाहीत. उजव्या हाताने तीन सुरांचा मेळ धरता येतो, त्यापुढे नाही. तुमच्या चर्चमध्ये जुनी पायपेटी धूळ खात पडली असेल तर नवी पेटी घेण्याआधी ती दुरुस्तीला द्या. दोन्ही हात मोकळे ठेवणारं ते वाद्य चार आवाजांच्या गायनाला केव्हाही सरस.

माइक लावताना बहुतेक जण तो भात्याकडे ठेवतात. तिथे भात्याची फडफड आणि दांडीचा खडखडाट आधी पकडला जातो. झाकण उघडून माइक सूरफळीच्या वर वीतभर ते फूटभर अंतरावर, वरच्या सप्तकाच्या बाजूला कलता ठेवा. धूपदाणी पेटीजवळून नेऊ नका आणि पंख्याखाली धुळीत पेटी उघडी ठेवू नका. पेटी हवा आत ओढते, धूर आणि धूळ तिच्याबरोबर सुरांच्या पात्यांवर जाऊन बसते. एखादा सूर अचानक मुका झाला तर दहापैकी नऊ वेळा पात्यात कण अडकलेला असतो. झाकण काढून मऊ ब्रशने झटका. पातं वाकवू नका, खरवडू तर मुळीच नका. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही.

दुकानात पारख करताना हे क्रमाने बघा. सगळे खटके बंद करून भाता पूर्ण भरा आणि हात सोडा. भाता लगेच कोसळला तर हवा गळते आहे. मग खटके उघडून, एकही पट्टी न दाबता भाता मारा. कुठे बारीक शीळ ऐकू आली तर ते झाकण नीट बसत नाही. नंतर चेंजर मधल्या घरात ठेवून, फक्त नरओळीवर मधल्या सप्तकातली पांढरी 6 दाबून मोबाइलवरच्या ट्यूनरला लावा, 440 दिसायला हवं. की-बोर्ड किंवा बासरी सोबत असेल तर ही अट सोडू नका. खर्ज आणि नर एकत्र उघडून प्रत्येक सूर लांबवा. आवाजात लाट येत असेल तर दोन्ही ओळी आपसात जुळलेल्या नाहीत. हे सगळं एका घरात झालं की दांडी पुढच्या घरात टाका आणि पुन्हा सगळ्या पट्ट्या वाजवा. नऊच्या नऊ घरांत. दुकानदार कंटाळतो, कंटाळू द्या. चेंजरमधले दोष मधल्या घरात कधीच सापडत नाहीत, कडेच्या घरांत सापडतात. भाता जोरात आणि हळू मारूनही बघा. जोराने खर्जाचे सूर किंचित उतरतात, ते सगळ्याच पेट्यांत होतं, पण कानाला खुपेल इतकं उतरू नयेत.

लाकूड सागवान मागा. वसई, उत्तन, अलिबागच्या खाऱ्या दमट हवेत हलकं लाकूड पहिल्याच पावसात फुगतं. चेंजरची चौकट फुगली की दांडी फिरतच नाही, आणि तेल घालण्याचा मोह होतो. तेल घातलं की झाकणांखालच्या नमद्याने (लोकरीच्या थराने) ते शोषलंच म्हणून समजा. सरकपट्टीवर मेण किंवा टाल्कम पावडर चोळा. सूर पालिताण्याच्या पितळी पात्यांचे आहेत का तेही विचारा, त्यांची दुरुस्ती आणि बदली सोपी जाते. जून ते सप्टेंबर पेटी वेदीमागच्या दमट खोलीत जमिनीवर ठेवू नका. लाकडी फळीवर ठेवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि आठवड्याला एकदा तरी नऊही घरांत दांडी फिरवून दहा मिनिटं वाजवा. वर्षातून एकदा सूर लावून घ्यायचे ते ऑक्टोबरात, हवा कोरडी झाल्यावर. कारागिराला नाताळच्या आठवड्यात बोलावलंत तर तो येणार नाही.

ज्या धर्मग्रामात बाराही पट्ट्यांत वाजवणारा वादक आहे तिथे हा पैसा चेंजरवर घालू नये. तेवढ्यात उत्तम सुरांची तीन ओळींची साधी पेटी आणि एक चांगला माइक येतो. आणि चेंजर घेतलीच तर ती नीट फिरवणारी किमान दोन माणसं तयार करा, कारण जागरणाच्या रात्रीच नेमका एकाला ताप येतो.